दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (पूर्वाश्रमीच्या विटा लाड, जन्म : १४ जानेवारी १९०५, मुंबई, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील ख्यातनाम अभिनेत्री होत्या. मराठीतील पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) यातील तारामतीच्या भूमिकेने त्या प्रसिद्धीस आल्या. पुढील पाच दशकांत त्यांनी सुमारे २०० चित्रपटांत कामे केली. चित्रपटांच्या जोडीने मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी गंभीर नाटकांतील अवघड भूमिका साकारल्या, आणि उत्तरायुष्यात लघुपट, जाहिरातपट व दूरदर्शन मालिकांच्या निर्मात्या म्हणूनही नाव मिळवले. १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

बालपण आणि विवाह

दुर्गाबाईंचे माहेरचे लाड घराणे मूळचे गोव्याचे. घरात कोकणी बोलली जाई. वडील पांडुरंग शामराव लाड मुंबईतील सॉलिसिटर होते. आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीत एकत्र कुटुंबात त्यांचे बालपण गेले. त्या काळात गिरगाव हा मराठी नाटक, गाणे आणि गणेशोत्सवातील मेळे यांचा परिसर होता. त्यामुळे अभिनयाचे रीतसर शिक्षण मिळाले नसले, तरी नाटक ही त्यांच्या घराला परकी गोष्ट नव्हती. कॅथीड्रल हायस्कूल आणि सेंट झेव्हिअर्स कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. घरात कोकणी, आजूबाजूला मराठी, शाळा-कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषा त्यांच्या कानांवर लहानपणापासून होत्या. पुढे एकच प्रसंग दोन भाषांत लागोपाठ चित्रित करण्याची वेळ आली, तेव्हा या कमाईचा त्यांना फार उपयोग झाला असला पाहिजे.

शिक्षण चालू असतानाच मुंबईतील सधन खोटे कुटुंबात त्यांचा विवाह झाला. पती विश्वनाथ खोटे हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले यंत्र अभियंता होते. या दांपत्याला बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे झाले. मात्र सासरची सुबत्ता फार काळ टिकली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर कुटुंबाची आर्थिक स्थिती पार ढासळली आणि पदरी दोन लहान मुले असलेल्या दुर्गाबाईंना स्वतः कमावण्याचा विचार करावा लागला. पतीचेही पुढे अकाली निधन झाले. दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या हौसेखातर नव्हे. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ही बाब नजरेआड होता कामा नये. कारण कोणत्या कंपनीत काम करावे, किती काळ करावे, कोणती भूमिका स्वीकारावी, या त्यांच्या पुढच्या अनेक निर्णयांमागे चरितार्थाचा प्रश्न उभा होता.

तत्कालीन पार्श्वभूमी

आज एखाद्या सुशिक्षित स्त्रीने चित्रपटात काम करण्यात नवल राहिलेले नाही. १९३१ साली तसे नव्हते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. याच साळुंक्यांनी 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मराठी रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याची परंपरा होती आणि बालगंधर्वांच्या रूपाने ती परमोत्कर्षाला पोहोचली होती. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, याचीच केवढी चर्चा झाली.

दुर्गाबाईंचा उल्लेख चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री असा करण्याचा प्रघात पडला आहे. तो काटेकोरपणे खरा नाही. फाळके यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) यांनी कामे केली होती. 'शिराज' (१९२८) मध्ये एनाक्षी रामराव या सुशिक्षित तरुणीची भूमिका होती. शिवाय कुलीन या शब्दाने ज्या अभिनेत्रींना नकळत बाजूला सारले जाते, त्यांच्या कष्टांवरच मूकपटांचा सारा डोलारा उभा होता. दुर्गाबाईंचे वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. मुंबईतील ज्या शिक्षित, पांढरपेशा मराठी समाजाने चित्रपटाकडे पाठ फिरवली होती, त्याच समाजातून त्या आल्या, एकदा त्याच समाजाच्या टीकेस पात्र ठरल्या आणि तरीही त्याच व्यवसायात पन्नास वर्षे टिकून राहिल्या.

पहिला चित्रपट

दुर्गाबाईंचा पहिला चित्रपट मोहन भवनानी दिग्दर्शित 'फरेबी जाल' (१९३१). चित्रपटासाठी प्रथम त्यांच्या बहिणीला विचारणा झाली होती. बहिणीला त्यात रस नव्हता. तिने दुर्गाबाईंचे नाव सुचवले. काम छोटे होते. चित्रपट मुळात मूक होता. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला, सगळीकडे बोलपटाची लाट आली, आणि निर्मात्यांनी आपल्या मूकपटांना बोलके तुकडे जोडण्यास सुरुवात केली. 'फरेबी जाल'लाही शेवटी असा थोडा बोलका भाग जोडण्यात आला आणि त्यात दुर्गाबाई होत्या. आपण कोणत्या प्रकारच्या कथेचा भाग होत आहोत, याची त्यांना पुरेशी कल्पना नव्हती. चित्रपट लागला तेव्हा त्यावर सडकून टीका झाली, आणि टीकेचा रोख काही केवळ कथेवर राहिला नाही; चांगल्या घरच्या मुलीने असल्या चित्रपटात दिसावे यावरही बोल लावले गेले. माहेर आणि सासर दोन्ही घरांना त्याची झळ बसली.

त्यांची कारकीर्द इथेच संपली असती तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

'अयोध्येचा राजा'

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी केली होती. मूकपटांत नाव मिळवल्यावर कंपनीने बोलपटासाठी हरिश्चंद्राची कथा निवडली. दिग्दर्शक शांताराम आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी ठरलेले संगीतकार-नट गोविंदराव टेंबे यांना तारामतीसाठी दुर्गाबाई योग्य वाटल्या. 'फरेबी जाल'चा अनुभव ताजा असताना पुन्हा चित्रपटाचे नाव काढणे दुर्गाबाईंच्या घरी सोपे नव्हते. तरीही प्रभातचा लौकिक आणि पुराणातील पतिव्रतेची भूमिका या दोन गोष्टींमुळे वाट मोकळी झाली. ज्या तारामतीसाठी फाळक्यांना स्त्री मिळाली नव्हती, ती तारामती एकोणीस वर्षांनी गिरगावातल्या सॉलिसिटरांच्या कन्येने केली.

'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित होई. पार्श्वगायनाची सोय अद्याप यायची होती, त्यामुळे नटनटींनी कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची, अशी पद्धत होती. ध्वनिमुद्रणाच्या साधनांवर नुकताच हात बसू लागला होता. एक शब्द चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. दुर्गाबाई व्यावसायिक गायिका नव्हत्या. टेंबे यांच्यासारख्या मुरलेल्या गायकनटासमोर गाणे आणि बोलणे हे त्यांचे खरे शिक्षण ठरले. या चित्रपटाचे संगीतही टेंबे यांचेच होते. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्याही त्यात भूमिका होत्या.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी चित्रपट मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात प्रदर्शित झाला आणि त्याला उदंड यश लाभले. राजवस्त्रांत शोभणारी उंच, सडपातळ आकृती, रेखीव चेहरा आणि त्याहूनही स्पष्ट, ठाम शब्दोच्चार यांमुळे दुर्गाबाईंची तारामती लोकांच्या मनात बसली. 'फरेबी जाल'मुळे आलेला बट्टा एका वर्षाच्या आत पुसला गेला. त्याच वर्षी प्रभातच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला साकारली. टेंबे मच्छिंद्रनाथ होते आणि विनायक गोरखनाथ. हाताशी चित्ता बाळगणारी ही मानी राणी तारामतीच्या अगदी विरुद्ध टोकाची होती. सोशिक स्त्रीच्या साच्यात अडकण्याचे त्यांनी दुसऱ्याच चित्रपटात टाळले, असे म्हणता येईल.

कोलकाता आणि 'अमर ज्योती'

त्या काळी नटनटी कंपनीच्या मासिक पगारावर असत. करारात बांधलेल्या कलावंताला दुसरीकडे काम करता येत नसे. या व्यवस्थेत स्थैर्य होते, पण कलावंताच्या हातात फारसे काही राहत नसे. प्रभातच्याच शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कंपनीच्या दारात उपोषण केले, ते कराराच्याच वादातून. दुर्गाबाईंनी मात्र सुरुवातीपासूनच एका कंपनीशी कायमचे बांधून घेण्याचे टाळले. प्रभातमध्ये नाव झाल्यावर त्या कोलकात्यास गेल्या, पुन्हा प्रभातकडे आल्या, मुंबईच्या निरनिराळ्या संस्थांत कामे केली. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आरंभीच्या भारतीय कलावंतांत त्यांची गणना होते. घर चालवायचे असेल तर आपल्या कामाची किंमत आपण ठरवली पाहिजे, हा व्यवहार त्यांना फार लवकर उमगला होता.

कोलकात्यात न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा' (१९३३) मध्ये त्यांनी मीरेची भूमिका केली. दिग्दर्शक देवकी बोस होते. ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) या चित्रपटाचे दिग्दर्शनही बोस यांनीच केले. यात राम झालेले पृथ्वीराज कपूर आणि सीता झालेल्या दुर्गाबाई ही जोडी गाजली. व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'सीता' दाखवला गेला; आंतरराष्ट्रीय महोत्सवात पोहोचलेला तो पहिला भारतीय बोलपट मानला जातो. बिहारच्या भूकंपाची पार्श्वभूमी असलेल्या 'इन्किलाब' (१९३५) मध्येही हे दोघे होते. याच चित्रपटात पृथ्वीराजांचा लहानगा मुलगा राज प्रथम पडद्यावर दिसला. त्या मुलाच्याच 'बॉबी'त ३८ वर्षांनी दुर्गाबाईंनी नायिकेच्या आजीची, मिसेस ब्रॅगान्झा यांची भूमिका केली.

दरम्यान १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली होती. तेथे शांताराम यांनी 'अमर ज्योती' (१९३६) हा हिंदी चित्रपट काढला. दुर्गाबाईंच्या साऱ्या चित्रपटीय भूमिकांत ही भूमिका सर्वांत धाडसी म्हणावी लागेल. पती आणि राज्याचा कायदा यांनी मिळून तान्हे मूल हिरावून घेतलेली सौदामिनी ही स्त्री न्याय मिळत नाही म्हणून समुद्री चाच्यांची नायिका होते आणि ज्या सत्तेने आपल्याला नागवले तिच्याविरुद्ध शस्त्र उचलते. स्त्रीचा आपल्या अपत्यावरील हक्क हा विषय १९३६ साली पडद्यावर मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हती. दुर्गाबाईंनी सौदामिनी रंगवताना आक्रस्ताळेपणा कटाक्षाने टाळला आहे. तिचा संताप डोळ्यांत आणि आवाजाच्या खालच्या पट्टीत राहतो. ज्या शांता आपटे यांचा वर उल्लेख आला त्या आणि चंद्रमोहन यांच्याही या चित्रपटात महत्त्वाच्या भूमिका होत्या. 'अमर ज्योती'ही व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला.

१९३७ मध्ये 'साथी' या चित्रपटाद्वारे दुर्गाबाई निर्मितीत उतरल्या. फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये स्वतःची चित्रसंस्था काढली होती. तसे एखादे उदाहरण वगळता भारतीय चित्रपटात स्त्री निर्माती ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती.

सासू, कैकेयी, मृणालवती

चाळिशीच्या दशकात दुर्गाबाईंनी नायिकेच्या वलयातून बाहेर पडून कठोर स्त्रियांच्या भूमिका पत्करल्या. वयाची पस्तिशी ओलांडलेल्या बहुतेक अभिनेत्रींच्या वाट्याला तेव्हा उपेक्षा येई. त्यांच्या बाबतीत उलट घडले. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१; हिंदी आवृत्ती 'चरणों की दासी') मध्ये त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगवली. वनमाला यांनी सुनेचे काम केले होते आणि दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे होते. या भूमिकेसाठी बेंगॉल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. लगोलग विजय भट्ट यांच्या 'भरत भेट' (१९४२, हिंदीत 'भरत मिलाप') मधील कैकेयीबद्दल याच संस्थेने त्यांना पुन्हा गौरवले. शोभना समर्थ सीता, प्रेम अदीब राम आणि शाहू मोडक भरत, असा तो संच होता. आठ वर्षांपूर्वी सीता म्हणून पूजलेल्या अभिनेत्रीला प्रेक्षकांनी कैकेयी म्हणूनही मानले.

सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ' (१९४३) मधील मृणालवती हे या काळातील आणखी एक ठळक काम. कन्हैयालाल मुनशी यांच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता. बंदी करून आणलेल्या शत्रुराजाचा तेजोभंग करण्यास निघालेली आणि त्याच्याच प्रेमात पडून आतून कोसळणारी ही करारी राजस्त्री होय. मोदींच्या पल्लेदार संवादफेकीपुढे भल्याभल्यांचा आवाज खुजा वाटे. दुर्गाबाईंचा वाटला नाही.

रंगभूमी

चित्रपटात स्थिरावलेल्या नटीने पुन्हा नाटकाकडे वळावे असे कारण सहसा नसते. नाटकात पैसा कमी, तालमी अधिक आणि प्रयोगाची अनिश्चितता कायमची. दुर्गाबाई मात्र आपली उमेदीची वर्षे चित्रपटात घालवल्यानंतर रंगभूमीवर रमल्या. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, या चळवळीशी त्यांचा संबंध होता. पण त्यांचे खरे रंगकार्य घडले ते मुंबई मराठी साहित्य संघात. बोलपटांच्या धडाक्यापुढे मराठी नाटक कंपन्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या होत्या. १९४३ साली मराठी रंगभूमीच्या शताब्दीचा सोहळा सांगलीत झाला. त्यानंतर साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने गिरगावात नाट्यमहोत्सव सुरू केले आणि जुनी व नवी नाटके नव्या संचात प्रेक्षकांपुढे आणली. बोलपटानेच घडवलेली एक अभिनेत्री बोलपटाने खिळखिळी केलेल्या रंगभूमीच्या मदतीला आली, यात काळाची एक गंमत आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) मध्ये दुर्गाबाईंनी आनंदीबाईची भूमिका केली. राघोबादादांच्या भूमिकेत नानासाहेब फाटक होते. १७७३ मध्ये झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवती हे नाटक फिरते. 'ध'चा 'मा' करणारी कपटी स्त्री एवढीच आनंदीबाईची ओळख लोकांच्या मनात आहे. दुर्गाबाईंच्या आनंदीबाईला दुष्टपणापेक्षा महत्त्वाकांक्षा अधिक होती. पतीच्या दुबळेपणाला विटलेली आणि त्याच्या वाटेचे धैर्यही आपणच धरणारी स्त्री त्यांनी उभी केली.

१९५४ साली आलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांना याहून मोठे आव्हान मिळाले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चे हे वि. वा. शिरवाडकर यांनी केलेले रूपांतर. ब्रिटिश दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल यांनी ते बसवले. मॅकबेथच्या जागी पुन्हा नानासाहेब फाटक होते आणि लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. ही भूमिका त्यांच्या रंगमंचीय कारकिर्दीचा कळस मानली जाते. नानासाहेबांचा खर्जातला, भारदस्त आवाज आणि जुन्या वळणाचा भव्य अभिनय यांच्यासमोर कॅमेऱ्यासाठी तयार झालेली, बारीक हालचालींवर भर देणारी त्यांची शैली टिकेल का, अशी शंका कोणालाही आली असती. प्रत्यक्षात या दोन शैली एकमेकींना पूरक ठरल्या.

कैकेयी, आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ या तिन्ही भूमिका जवळ ठेवून पाहिल्या तर एक सूत्र लक्षात येते. राज्यासाठी पतीला अकर्म करण्यास भाग पाडणाऱ्या या तिघी आहेत आणि तिघींनाही परंपरेने खलनायिका ठरवले आहे. दुर्गाबाईंना अशा स्त्रिया खुणावत होत्या असे दिसते. चित्रपट त्यांना एव्हाना प्रेमळ माता म्हणून पाहू लागला होता. मनातील हाव, भीती आणि पश्चात्ताप यांना तिथे जागा नव्हती. ती त्यांनी रंगभूमीवर मिळवली. चित्रपटातील त्यांचे पुष्कळसे काम आजही पाहता येते, नाटकातील मात्र स्मरणातच राहिले. यामुळे त्यांच्या मूल्यमापनात रंगभूमीचा वाटा नेहमीच कमी धरला जातो, हे नमूद केले पाहिजे. १९५८ साली त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

आईच्या भूमिका

'हम एक हैं' (१९४६) हा देव आनंद यांचा पहिला चित्रपट. प्रभातनेच काढलेल्या या चित्रपटात निरनिराळ्या धर्मांची मुले आपली म्हणून वाढवणारी जमीनदारीण दुर्गाबाईंनी साकारली. तिथून पुढे हिंदी चित्रपटातील आई आणि आजी म्हणून त्यांची ओळख दृढ होत गेली. यांतील बऱ्याच भूमिका एकसुरी होत्या आणि त्यांच्या वकुबाला न्याय देणाऱ्या नव्हत्या, हे मान्य करावे लागेल. परंतु के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई वेगळी आहे. अकबर आणि सलीम, बादशहा आणि बंडखोर, यांच्या मध्ये उभी असलेली ही राणी पत्नी म्हणून एका बाजूची आणि आई म्हणून दुसऱ्या बाजूची आहे. पृथ्वीराज कपूर आणि दिलीपकुमार यांच्या संवादांच्या गडगडाटात दुर्गाबाई बहुतेक वेळ शांत असतात, आणि कित्येक प्रसंगांत नजर त्यांच्यावरच खिळते. 'सीता'मधील राम-सीता इथे २६ वर्षांनी प्रौढ पतिपत्नी म्हणून समोरासमोर येतात, हा योगही मनोहर आहे.

अमेरिकी दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी इस्माइल मर्चंट यांच्यासह काढलेला पहिला कथापट 'द हाउसहोल्डर' (१९६३) दिल्लीत चित्रित झाला. शशी कपूर यांनी त्यात नवविवाहित शिक्षकाचे काम केले. त्याची तक्रारखोर, प्रेमळ आणि सुनेच्या संसारात लुडबुड करणारी आई म्हणजे दुर्गाबाई. 'पायाची दासी'तील सासूशी हिचे दूरचे नाते आहे. फक्त इथे धार जाऊन विनोद आला आहे.

पुढे 'बावर्ची' (१९७२), 'अभिमान' (१९७३), 'बॉबी' (१९७३) अशा अनेक चित्रपटांत त्या दिसल्या. 'बिदाई' (१९७४) मधील भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. 'कर्ज' (१९८०) हा त्यांच्या अखेरच्या काळातील उल्लेखनीय चित्रपट.

निर्मिती आणि उत्तरायुष्य

पडद्यावरच्या भूमिकांवर कायम विसंबून राहता येणार नाही, हे ओळखून दुर्गाबाईंनी पन्नाशीच्या दशकात लघुपटांच्या निर्मितीकडे लक्ष वळवले. माहितीपट आणि जाहिरातपट हे क्षेत्र तेव्हा भारतात नुकते आकार घेत होते. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या त्यांच्या संस्थेने त्यात दीर्घकाळ काम केले. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतील सामान्य माणसावर आधारलेली 'वागळे की दुनिया' (१९८८) ही दूरदर्शनवरील लोकप्रिय मालिका याच संस्थेची निर्मिती. कुंदन शाह यांनी ती दिग्दर्शित केली आणि अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर यांनी वागळे दांपत्य घराघरांत पोहोचवले. 'फरेबी जाल'च्या जोडलेल्या तुकड्यापासून दूरचित्रवाणीपर्यंतचा हा प्रवास एका कारकिर्दीत मावला.

खासगी आयुष्यात त्यांना जबर आघात सोसावे लागले. ज्या मुलांसाठी त्यांनी चेहऱ्याला रंग लावला त्यांपैकी हरीन हा मुलगा तरुणपणीच गेला. हरीन यांच्या पत्नी म्हणजे रंगायन या नाट्यसंस्थेच्या संस्थापक-दिग्दर्शिका विजया मेहता. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासातील हे दोन महत्त्वाच्या पिढ्यांमधील कौटुंबिक नाते अनेकांना ठाऊक नसते. दुर्गाबाईंचे दीर नंदू खोटे हे रंगभूमीवरील व मूकपटांतील नट होते; त्यांची मुले शुभा खोटे आणि विजू खोटे यांनीही चित्रपट-नाटकांत नाव कमावले.

उतारवयात मुंबईची धावपळ मागे टाकून दुर्गाबाई अलिबागला राहू लागल्या. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांत महत्त्वाचे मानले जाते. एकत्र कुटुंबातील सुखाचे बालपण, सासरची उतरती कळा आणि स्टुडिओतील दिवस यांविषयी त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

सन्मान

भारत सरकारने १९६८ साली त्यांना पद्मश्री किताब दिला. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या त्या देविकाराणी, सुलोचना (रूबी मायर्स) आणि काननदेवी यांच्यानंतरच्या चौथ्या महिला होत. त्यांचे सहकलावंत पृथ्वीराज कपूर आणि सोहराब मोदी यांना हा सन्मान त्यांच्या आधी मिळाला होता. त्यांना तारामती करणाऱ्या व्ही. शांताराम यांना तो त्यांच्यानंतर, १९८५ सालासाठी देण्यात आला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी वयाच्या ८६व्या वर्षी दुर्गाबाईंचे निधन झाले.